बन्नूरला दिलेल्या मुली

माझा मामा १९४९ साली म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या मिशन हॉस्पिटलात जन्मला, आणि तीन वर्षांनी त्याच हॉस्पिटलात माझी आई. घरात या गोष्टीला काही महत्त्व नव्हतं. महत्त्व होतं ते याला, की मामा म्हैसुरातच राहिला आणि आईला बन्नूरला दिली. म्हैसूरपासून बन्नूर पंचवीसेक किलोमीटर. सोमनाथपूरचं देऊळ बघायला निघालेले प्रवासी या गावातून जातात, पण थांबत नाहीत. ऊस, भात, आखूड पायांच्या गुबगुबीत मेंढ्या, आणि व्यासतीर्थांचं जन्मगाव असल्याचा अभिमान, एवढ्यावर गावाची ओळख संपते. माझ्या वडिलांचं इथे शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि हिशेबाच्या वहीत दोन्हींची खिचडी. त्या खिचडीवरच मी पुढे पोट भरायला शिकले.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मामाच्या घरी दोन बायका आल्या. त्या गल्लीतल्या प्रत्येक दारी जात होत्या आणि विचारत होत्या, या घरात मिशन हॉस्पिटलात जन्मलेलं कुणी आहे का? वय काय? आईवडिलांचं नाव काय? कितवं अपत्य? काही दिवसांनी मामाला उपाशीपोटी बोलावणं आलं. रक्त घेतलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासांनी परत रक्त घेतलं, छातीचा आलेख काढला, कंबरेला फीत लावली. ‘‘माप घेणारा मी, आणि माझंच माप घेतलं,’’ असं तो नंतर सांगत असे. तोही शिंपीच. शिवाय त्याला सांगण्यात आलं की तो जन्मला तेव्हा किती पौंडांचा होता हे हॉस्पिटलच्या वहीत लिहिलेलं आहे. या गोष्टीचा त्याला आयुष्यभर अचंबा वाटला. आपला वाढदिवस नक्की कुठला याबद्दल जिथे घरात दोन मतं होती, तिथे वजन मात्र औंसापर्यंत ठाऊक!

आईकडे कुणी आलं नाही. ती बन्नूरला होती.

हे सगळं मी विसरून गेले होते. मग गेल्या वर्षी एका आरोग्य-अभ्यासाचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी करायचं काम आलं, आणि पहिल्याच परिच्छेदात ‘कोहॉर्ट’ हा शब्द आडवा आला. आम्ही तौलनिक साहित्यवाले शब्दापाशी अडायचं निमित्तच शोधत असतो. कोहॉर्ट हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ कुंपण घातलेलं आवार. इंग्रजीतला ‘कोर्ट’ याच घराण्यातला. आवारात मावतील तितके सैनिक, म्हणून पुढे रोमन सैन्यातली तुकडी. अशा दहा तुकड्यांचं एक लीजन. साथरोगशास्त्रात हा शब्द वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या क्षयरोगावरच्या कामातून रुळला. ते काम त्याच्या मृत्यूनंतर, १९३९ साली छापलं गेलं. त्यात त्याने एकाच दशकात जन्मलेल्यांना एक तुकडी मानलं आणि त्या तुकडीचं वय वाढेल तसतसं तिच्यातले मृत्यू कसे बदलतात ते पाहिलं. वेगवेगळ्या वयांच्या माणसांचं एकाच वर्षातलं चित्र आणि एकाच पिढीचं चालत जाणारं चित्र ही दोन निराळी चित्रं आहेत, हा त्याचा मुद्दा.

मराठीत मी ‘सहगट’ लिहून पाहिलं, ‘जन्मपथक’ लिहून पाहिलं, आणि दोन्ही खोडलं. गंमत अशी की या विद्येच्या मराठी नावातच एक चांगला शब्द लपलेला आहे. साथरोगशास्त्र. साथ म्हणजे पटकीची साथ, तशीच गाण्याची साथ, जन्माची साथ. मागे जाल तर ‘सार्थ’, म्हणजे व्यापाऱ्यांचा एकत्र निघालेला तांडा. मधुमेह काही एकाकडून दुसऱ्याकडे लागत नाही, म्हणून ‘साथ’ शब्द तिथे खटकतो अशी तक्रार डॉक्टर मित्र करतात. पण एकाच वेळी निघालेल्या माणसांच्या मागोमाग वर्षानुवर्षं चालत राहायचं, कुणाला काय होतं ते टिपत राहायचं, याला तांड्याइतका जवळचा शब्द मला सापडलेला नाही. संमतीपत्रात अर्थात ‘कोहॉर्ट’च राहिलं. संपादकांना तांडा पटला नाही.

या तांड्याच्या मागे जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक, आज माणसं निवडायची, त्यांची आजची स्थिती नोंदवायची, आणि वीस-तीस वर्षं थांबायचं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५२०९ माणसांवर हेच सुरू झालं. दुसरा रस्ता जरा चलाखीचा. कुणीतरी पूर्वी, भलत्याच कारणासाठी, नीट नोंद करून ठेवलेली असते. ती वही शोधायची, तिच्यातली माणसं आज कुठे आहेत ते शोधायचं, आणि थांबण्याची वर्षं वाचवायची. यात वहीचा दर्जा हेच भांडवल, कारण मागे जाऊन कुणाला पुन्हा तोलता येत नाही.

मामा या दुसऱ्या रस्त्यावर सापडला होता.

त्याची सुरुवात म्हैसुरात नव्हे, इंग्लंडातल्या हर्टफर्डशर परगण्यात झाली. तिथे १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं वजन लिहीत, आणि आरोग्यसेविका घरी जाऊन वर्षाचं झाल्यावर पुन्हा वजन घेत. उद्देश मुलं जगवण्याचा होता. सत्तर-ऐंशी वर्षांनी त्या वह्या साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. १९८९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ५६५४ पुरुषांचा हिशेब मांडला: लहानपणी, विशेषतः वर्षाचे असताना, ज्यांचं वजन कमी होतं ते पुढे हृदयविकाराने जास्त मेले. हृदयविकार म्हणजे सुखवस्तू माणसाच्या ताटातला आणि सिगारेटीतला रोग, ही समजूत तोवर पक्की होती. बार्कर म्हणत होते की त्याची एक मुळी आईच्या पोटात आहे.

५६५४ पुरुष. बायकांचा हिशेब वेगळा, चार वर्षांनी, १९९३ साली आला. मुलगी लग्न करते, आडनाव बदलते, आणि वहीतलं नाव व मृत्युनोंदीतलं नाव जुळवणं अवघड होऊन बसतं. बन्नूर हर्टफर्डशरमध्येही असतं तर!

भारतात अशी वही असेल का, हा पुढचा प्रश्न होता. इथली बहुतेक बाळंतपणं घरी, खाटेवर, सुइणीच्या हाती. ती वही निघाली म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात. वेस्लियन मिशनने १९०६ साली मेरी कॅल्व्हर्ट होल्ड्सवर्थ यांच्या स्मरणार्थ उघडलेलं हे हॉस्पिटल, आज चर्च ऑफ साउथ इंडियाच्या छत्राखाली आहे. गाव मात्र अजून मिशन हॉस्पिटलच म्हणतं. तिथे १९३४पासूनच्या प्रसूतीच्या नोंदी जपलेल्या होत्या. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर. आईचं वजन, आणि आईच्या ओटीपोटाच्या हाडांची बाहेरून घेतलेली मापंही. बाळ अडेल की सुटेल याचा अंदाज बांधायला त्या काळी ती घेत असत. १९३४ साली रात्रपाळीला असलेल्या नर्सने बाळाची लांबी लिहिली ती उद्या सकाळी डॉक्टर विचारतील म्हणून. साठ वर्षांनी कुणी त्यावर निबंध लिहील म्हणून नव्हे. इतिहासाची बरीचशी साधनं अशीच असतात, खरं तर. पेशव्यांच्या दफ्तरातला रोजकीर्द लिहिणारा कारकूनही आपल्यासाठी लिहीत नव्हता.

वहीत बाळाला नाव नसतं. बारसं अजून व्हायचं असतं. म्हणून साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि हॉस्पिटलचे संचालक डॉ. बी. डी. आर. पॉल यांच्या चमूला उलट दिशेने जावं लागलं. हॉस्पिटलच्या आसपासच्या वस्तीत घरोघर जायचं, मिशन हॉस्पिटलात जन्मलेली मध्यमवयीन माणसं शोधायची, आणि आईवडिलांची नावं, जन्माची तारीख, कितवं मूल, यांवरून त्यांची ओळ वहीत हुडकायची. मामाकडे आलेल्या बायका या कामावर होत्या.

पहिला निष्कर्ष १९९६ साली, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेले ५१७ स्त्रीपुरुष. जन्मतः साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो किंवा कमी वजन असलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार ११ टक्के. सात पौंडांच्या आसपास आणि वर असलेल्यांत ३ टक्के. सगळ्यांचा मिळून कल संख्याशास्त्राच्या काठावरच होता, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत मात्र ठळक. जे जन्मतः हलके होते आणि ज्यांच्या आईचं गरोदरपणातलं वजन शंभर पौंडांपेक्षा कमी होतं, त्यांच्यात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. माझी आजी त्या मापात बसली असती.

इथवर म्हैसूरने हर्टफर्डशरची री ओढली. दोन वर्षांनी मधुमेहाचा हिशेब आला आणि तिथे री तुटली. ५०६ जणांपैकी १५ टक्क्यांना मधुमेह. पण इंग्लंडात दिसलं होतं तसं ते हलक्या वजनाच्या बाळांत जास्त नव्हतं. जास्त होतं ते लांबीला कमी आणि अंगाने गोल अशा बाळांत, आणि जास्त वजनाच्या आयांच्या मुलांत. त्यावर असा तर्क मांडला गेला की अशा आयांची साखर गरोदरपणात थोडी चढलेली असावी, आणि ती बाळाला वारशात गेली असावी. त्या काळी गरोदर बाईची साखर कुणी मोजत नव्हतं, त्यामुळे वही इथे गप्प होती. मग तेच विचारायला त्याच हॉस्पिटलात १९९७ साली नवा तांडा निघाला, पार्थेनॉन अभ्यास: गरोदर बायकांपासून सुरुवात, साखर तपासून, आणि मग त्यांच्या मुलांच्या मागे पुढे चालत. म्हणजे दुसऱ्या रस्त्याने जाऊन जो प्रश्न मिळाला, त्याच्या उत्तरासाठी पहिल्या रस्त्यावर यावं लागलं.

मराठी वाचकाला जवळची गोष्ट याच सुमारास पुण्यात चालू होती. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला, आणि तो गरोदरपणाच्याही आधीपासून. गावातल्या विवाहित बायकांची पाळी दर महिन्याला नोंदवत. या बायका सरासरी एक मीटर बावन्न सेंटिमीटर उंचीच्या आणि जेमतेम बेचाळीस किलोच्या. त्यांची बाळं साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सरासरी आठशे ग्रॅमने हलकी. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून चरबी मोजली तर तिच्यात जवळपास फरक नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र शाबूत. कृश दिसणारं तरी चरबीदार बाळ. हे २००३ साली छापून आलं तेव्हा, आपल्याकडे सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा हाती आला.

खेड्यातली बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. नवजात बाळाची मापं पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यायला हवीत. ज्यांनी कुणी आपल्याकडे असे अभ्यास केले असतील, त्यांच्या दिवसाचा किती भाग एसटीत गेला असेल ते यावरून समजावं.

आणि इथे मी पुन्हा बन्नूरला येते. या विद्येच्या पाठ्यपुस्तकांत एक प्रकरण हमखास असतं: पाठपुराव्यातून निसटलेली माणसं. म्हैसूरच्या तांड्यात सामील व्हायला किती गोष्टी जुळून याव्या लागल्या ते मी एकदा बोटांवर मोजलं. हॉस्पिटलात जन्मायचं, त्या काळी हीच मोठी निवड. पहिली वर्षं जगायची, आणि ज्यांचा जीव जात होता ती बहुधा हलकीच बाळं. चाळीस-पन्नास वर्षं जगायचं. आणि म्हैसुरातच, हॉस्पिटलच्या आसपास राहायचं. ही शेवटची अट पुरुषाला एक प्रकारे लागू होते आणि बाईला दुसऱ्या. अभ्यासात बायका आहेत, पुष्कळ आहेत. पण त्या ज्यांना गावातल्या गावात दिली त्या. बन्नूर, नरसीपूर, मळवळ्ळी, कोल्लेगाल इथे दिलेल्या त्यांच्या बहिणी वहीत आहेत आणि आलेखात नाहीत.

यामुळे अभ्यास खोटा ठरतो का? मला आधी तसंच वाटलं, आणि मी एका मैत्रिणीशी तावातावाने बोलले. ती संख्याशास्त्र शिकवते. तिने शांतपणे समजावलं. माणसं गळाली म्हणजे निष्कर्ष बिघडलाच असं नाही. हलकी बाळं आणि भारी बाळं यांची तुलना करायची आहे ना? मग आईसारख्या मुली बाहेर गेल्याने उरलेल्यांतली तुलना बिघडायला एक विशिष्ट गोष्ट घडावी लागेल: गळण्याचा संबंध जन्माच्या वजनाशीही हवा आणि पुढच्या आजाराशीही. समज, हलक्या जन्मलेल्या मुली जास्त करून खेड्यात दिल्या गेल्या, आणि खेड्यात राबून त्यांना हृदयविकार कमी झाला. मग म्हैसुरात उरलेल्या हलक्या मुलींत तो वाजवीपेक्षा जास्त दिसेल. तसं घडलं असेल असं मानायला आधार नाही. ‘‘तुझी आई न सापडल्याने तुलना टिकते,’’ ती म्हणाली, ‘‘तिच्याबद्दल मात्र काही कळत नाही.’’

हे दुसरं वाक्य तिने ओघात म्हटलं. मला ते पुरून उरलं.

आईला मधुमेह आहे. बेचाळिसाव्या वर्षी कळला, तोही डोळे तपासायला गेली तेव्हा. मामाला त्याच सुमारास, त्या ग्लुकोजच्या पाण्यामुळे, डोळ्यांवर जायच्या आधीच कळला. आता याचा अर्थ कुणी असा लावू नये की अभ्यासाने मामाला वाचवलं. अभ्यास वाचवायला आलेला नव्हता, मोजायला आला होता. पण ज्याला मोजतात त्याला निदान कागद मिळतो. दोन भावंडं, एकच खाट म्हणावी इतकं सारखं जन्मस्थान, आणि मध्ये पंचवीस किलोमीटर.

भाषांतर करताना आणखी एका जागी अडले. हृदयविकार शोधायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. जेफ्री रोझ या इंग्रज साथरोगतज्ज्ञाने ती साठच्या दशकात बनवली. म्हैसूरलाही तीच वापरली. तिचा गाभा असा, की चढ चढताना किंवा घाईने चालताना छातीत दुखतं का, आणि थांबलं की थांबतं का. सोपं वाटतं. पण आई तर म्हणते, ‘‘छाती भरून येते.’’ बन्नूरच्या शेजारणी म्हणतात ‘एदे उरि’, म्हणजे शब्दशः छातीची आग, आणि तो जठरातल्या आम्लाचाही शब्द आहे. आणि बन्नूरला चढ कुठला? सगळं कालव्याखालचं सपाट रान. चामुंडीच्या पायऱ्या वर्षातून एकदा, तेही आता गाडीने. घाईने चालणं आईच्या पिढीतल्या बाईला शोभत नसे. म्हणजे दुखणं असूनही तिचं उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ येऊ शकतं. मी समासात टीप लिहिली: पाण्याची घागर घेऊन जिना चढताना, असं विचारावं का? उत्तर आलं, प्रश्न प्रमाणित आहे, बदलता येणार नाही. त्यांचंही बरोबरच आहे. मुंबईत आणि म्हैसुरात वेगवेगळे प्रश्न विचारले तर उत्तरं शेजारी ठेवायची कशी?

म्हैसूरच्या तांड्यामागे नंतरही माणसं चालत राहिली. १९३४ ते १९६६ या काळात जन्मलेल्यांपैकी जे सापडले होते त्यांच्याकडे, ते म्हातारे झाल्यावर, पुन्हा जाऊन स्मरणशक्ती आणि मनाचं आरोग्य तपासलं गेलं. मामा त्याआधीच गेला. तोही वहीत एक ओळ म्हणून राहिला असेल, तारखेसह.

संमतीपत्राचं शेवटचं पान साधं होतं. नाव, वय, सही किंवा अंगठा, साक्षीदार. त्याखाली एक रकाना: तुमचा पत्ता बदलला तरी तुम्ही कुठे आहात हे ज्यांना नेहमी ठाऊक असेल अशा एका नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर. माणसं निसटू नयेत म्हणूनच तो रकाना असतो. मी तो मराठीत लिहिला आणि, वाचायला सोपा आहे का बघायला, आईला वाचून दाखवला. ती दारात बसून शेंगा सोलत होती.

‘‘कुणाचं नाव घालशील?’’ मी विचारलं.

‘‘दादाचं,’’ ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. जरा वेळ शेंगा सोलत राहिली. ‘‘मग तुझं घाल की. पण तू तरी कुठं असतीस एका जागी?’’